वाटी रिकामी पाठवू नये

१४ एप्रिल, नवं भिवरगाव

घोडं एकदाचं गंगेत न्हालं! गंगेत कसलं, भीमेत. चव्वेचाळीस वर्षं मी रुक्मिणीला सांगत आलो की येत्या मे महिन्यात तुझं माहेर बघायला नक्की जाऊ, आणि चव्वेचाळीस मे महिने नाशकात आंबे खात काढले. आज आलो. एकटाच आलो, कारण गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, ती गेली. असो. रडगाणं पुरे. ही वही रडायला घेतलेली नाही, तिची यादी पुरी करायला घेतली आहे.

यादी तिनं जुन्या कॅलेंडरच्या पानामागे केलेली. वर लिहिलंय, 'यांना दाखवायचं'. 'यांना' म्हणजे मला, शरच्चंद्राला. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, मिसिसिपीच्या उपनद्या पोरांकडून घोकून घेतल्या, पण बायकोचा सोलापूर जिल्हा पाहिला नाही तो नाहीच. करमाळ्याची शहाण्णव पायऱ्यांची विहीर, नन्नजचा माळढोक, होटगीच्या तलावातले रोहित पक्षी, माचणूरचा घाट, कुडलला भीमा-सीनेचा संगम. सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून, 'आमचं घर, पाणी उतरलं असलं तर'.

हे घर जुन्या भिवरगावातलं, शंकराच्या देवळाला लागून. तिचे वडील तिथले पुजारी. आमच्या लग्नानंतर वर्षभरातच उजनी धरणाचं पाणी चढलं, गाव बुडालं, माणसं इथे माळावर आणून बसवली. उन्हाळा कडक असला की फुगवटा मागे सरतो आणि जुन्या गावातली घरांची जोती, देवळाचा कळस, दगडी उखळं वर येतात. यंदा लवकर सरलाय म्हणे.

खोली केराबाईंकडे मिळाली. सत्तरीच्या, किडकिडीत, आवाज मात्र एसटीच्या कंडक्टरचा. मी कोण ते सांगितल्यावर त्या मटकन उंबऱ्यातच बसल्या. रुक्मीचा नवरा व्हय तुमी, म्हणाल्या, लई उशीर केलात की गुरुजी. दोघी लहानपणी देवळाच्या पारावर सागरगोटे खेळायच्या. मग चहा टाकला आणि साखर किती विचारलं. मी म्हटलं रुक्मिणीसारखी नको, ती अडीच चमचे घालायची, चहा कसला, पाक प्यायची. दोघंही हसलो. बरं वाटलं.

संध्याकाळी पुण्याहून लेकीचा, भार्गवीचा फोन. तिला वाटतं बाबा आठ दिवसांत कंटाळून परत येतील. बघू.

१८ एप्रिल

करमाळा झालं. कमलाभवानीचं देऊळ पाहिलं, मग विहीर. शहाण्णव पायऱ्या मोजत उतरलो आणि चढताना पन्नाशीतच आकडा विसरलो, धाप लागली म्हणून. रुक्मिणी असती तर म्हणाली असती, पुन्हा खाली जा आणि पहिल्यापासून मोजा, लबाडी नको. ती सापशिडीतसुद्धा मला लबाडी करू द्यायची नाही.

काल नन्नजला गेलो होतो. माळढोक दिसला नाही. वनखात्याचा रखवालदार म्हणाला, साहेब, हितं नोकरीला असून आमाला दिसत न्हाय, तुमाला कुटनं दिसायचा. काळविटांचा कळप मात्र दिसला, एक नर तर गवतावरून अशा उड्या घेत गेला की मी उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या. रखवालदाराला माझी कीव आली असावी. त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. दोन तास उन्हात बसून मी अशा पक्ष्याची वाट पाहिली जो बहुतेक आता तिथे नाहीच. तशी या कामाची मला गेल्या दिवाळीपासून सवय झाली आहे.

२३ एप्रिल

दक्षिणेचा दौरा आटोपून आज परतलो. सोलापुरात भवानी पेठेत उतरलो होतो, शेजारी दिवसभर मागांची खडखड. दोन चादरी घेतल्या. एक घेतली असती तरी चाललं असतं, पण दुकानदारानं दोन काढल्या आणि माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

होटगीच्या तलावात रोहित भेटले, तीस-चाळीस तरी असतील. उंच गुलाबी पाय, आणि मान वाकवून डोकं पार उलटं करून चिखल गाळत असतात. रुक्मिणी सांगायची की लहानपणी तिला वाटे, या पक्ष्यांचं पाण्यात काहीतरी पडलंय आणि ते शोधतायत. वडिलांना विचारायची, सापडलं का हो त्यांना? मी तलावाच्या काठी उभा राहून एकटाच हसलो.

कुडलला भीमा आणि सीना मिळतात तिथे फूलवाली अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलत होती. मी नदीची माहिती विचारत होतो, ती मला नारळ विकत होती. शेवटी नारळ घेतला. माचणूरच्या घाटावर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. चटणी उत्तम होती, लसूण अगदी बेताचा भाजलेला. रुक्मिणीच्या चटणीतला लसूण हमखास जळका, आणि त्यावरून मी जन्मभर कुरकुर केली. त्या घाटावर, भीमेकडे तोंड करून, न जळलेल्या लसणाची चटणी खाताना मला घास उतरेना.

२८ एप्रिल

आज तिचं घर पाहिलं.

आबासाहेब म्हणून एक मासेमार आहेत, चाळिशीचे, चिलापीची जाळी टाकतात. त्यांच्या होडीतून निघालो. उघड्या पडलेल्या बेटांवर नदीसुरय पक्ष्यांनी अंडी घातलेली, अगदी उघड्यावर, आणि जवळ गेलं की डोक्यावर येऊन शिव्या घालतात. चित्रबलाकांचे थवेच्या थवे. एका खडकापाशी आबासाहेबांनी वल्ही थांबवली आणि बोटानं दाखवलं. पाणमांजरं! आई आणि तीन पिल्लं, चार डोकी पाण्याबाहेर, आमच्याकडे टकामका बघतायत. आबासाहेब म्हणाले, जाळी फाडत्यात भाडखाव, पर बघाय ग्वाड वाटतं.

जुन्या गावात आबासाहेब उतरले नाहीत, होडीतच थांबले. मी एकटा चिखल तुडवत गेलो. देवळाला लागून असलेलं जोतं. भिंती नाहीत, पण दगडी उंबरा शाबूत, मधे झिजलेला. केराबाईंनी पणती दिली होती, गावची रीत आहे, पाणी सरलं की आपापल्या उंबऱ्यावर दिवा लावून यायचं. दिवा लावला. म्हटलं, आलो गं. आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. अंत्ययात्रेत नव्हतो रडलो इतका रडलो.

एक गोष्ट लिहून ठेवतो. सगळा काठ पक्ष्यांनी भरलेला, पण जुन्या गावात एक धोबी पक्षीसुद्धा नव्हता. चिखलात किडे नसतील. भूगोलाच्या मास्तरानं प्राणिशास्त्रात नाक खुपसू नये.

३० एप्रिल

दुपारी एकच्या सुमारास, गाव उन्हानं चिडीचूप असताना, माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर पितळी वाटी. वर वडाचं पान. आत शेंगाची चटणी. बेचाळीस अंशांच्या उन्हात वाटी अशी गार, जशी आत्ताच रांजणातून काढली. वाटलं केराबाईंनी पाठवली. भाकरीवर घेतली, पहिला घास, आणि लसूण जळका!

काय सांगू. ती पाठीशी उभी होती. वळून पाहिलं नाही, पाहायची गरज नव्हती. स्वयंपाकघरातला उकाडा, तिच्या पावडरीचा वास, आता नावं ठेवा म्हणून वाट बघणं, सगळं होतं. वाटी संपेपर्यंत होतं. मग नव्हतं.

वाटी धुतली, चिमूटभर साखर घातली आणि केराबाईंना द्यायला गेलो. शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे आमच्या घरातलं पहिलं कलम. विरजणाची इवलीशी वाटीसुद्धा रुक्मिणी साखर घालूनच परत द्यायची. केराबाईंनी वाटी हातात घेतली नाही. बुडाशी टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव मीही तेव्हाच पाहिलं. 'रुक्मिणी, भिवरगाव.' लग्नाच्या आधीचं असणार.

त्यांनी पहिलं विचारलं ते हे की दिवा लावताना रडलात व्हय? मी कबूल केलं. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, कंडक्टरचा आवाज कुठच्या कुठे गेला होता. जुन्या गावातनं कधी कधी वाटी येती. आली तर आपल्या हातानं पाण्याच्या कडेला न्यायची आणि रिकामी, उपडी ठेवून यायची. मागं बघायचं न्हाय. दुसऱ्या कुणी न्हेऊन चालत न्हाय. येणंजाणं तितंच तुटतं. भरून दिलीत तर तुटत न्हाय.

१ मे

सकाळी पाण्याच्या कडेला गेलो. वाटी उपडी करायला हात धजेना. सासुरवाडीहून आलेली पहिली वाटी, आणि जावई ती रिकामी पाठवणार? लोक काय म्हणतील, असं मनात आलं. कुठले लोक, ते मला विचारू नका. साखर होती तशीच ठेवली आणि आलो.

५ मे

वाटी काल परत आली. मेथांबा. तोही तिचाच, मेथी जरा जास्त. पुन्हा ती पाच मिनिटं. आज गूळ घालून पोचवली.

भार्गवीचा फोन आला होता. म्हणाली, आज चहा केला आणि अगदी आईसारखा पाक झाला. मी विचारलं, का, ती फार साखर घ्यायची का? ती म्हणाली, बाबा, चेष्टा करताय ना? मी हो म्हटलं.

फोन ठेवून वही चाळली. १४ एप्रिलला माझ्याच अक्षरात लिहिलंय, अडीच चमचे. वाचलं. नुसतं वाचलं. आठवलं नाही. ती चहाचा कप हातात धरून कशी बसायची हे डोळ्यांपुढे आणायला गेलो तर तिथे खुर्ची दिसली, कप दिसला, बस्स. म्हातारपण. सत्तरी उलटली, आणखी काय होणार.

९ मे

केराबाईंनी आज पुरतं सांगितलं. त्यांच्या सासूचा धाकटा लेक गाव उठायच्या वर्षी बुडाला. पाणी सरल्यावर सासूला वाटी यायला लागली, त्या पोराचे आवडते गूळ-पोहे. सासू दर वेळी मूठभर ज्वारी घालून परत पाठवायची. मी म्हटलं, मग त्यात काय वाईट? केराबाई म्हणाल्या, तुमाला वाटतं तुमी साखर दिली. पाणी साखर न्हेत न्हाय, गुरुजी. सासूला शेवटी आपल्याला तो लेक झाला हुता हेच ठावं नव्हतं. पाण्याकडं पाठ करून बसायची, खुशाल हसायची. ती दुःखी असती तर मला येवढं भ्या वाटलं नसतं.

घरी येऊन वही पुन्हा काढली. २३ एप्रिल. होटगीचे रोहित मला स्वच्छ आठवतात. पण रुक्मिणीनं लहानपणी त्यांच्याबद्दल काय म्हटलं होतं, ते मी पहिल्यांदाच वाचत होतो. गूळ पाठवला त्याच दिवशी ते गेलं असणार.

कानाला खडा. ती गेली तेव्हा मला एवढंच मागे ठेवून गेली, तिच्या आठवणी. तेवढ्याही घालवल्या तर मी तिचा कोण? यापुढे वाटी उपडी. मग ती सासुरवाडीची का असेना.

१३ मे

वाटी आली. वाटली डाळ. एक वाजल्यापासून तीन वाजेपर्यंत समोर बसून राहिलो, हात मांडीखाली घेऊन. मग खाल्ली.

मला दोष देणाऱ्यानं आधी सहा महिने रिकाम्या घरात राहून पाहावं. त्या पाच मिनिटांत ती असते. उरलेल्या दिवसात नसते. आठवणी म्हणजे ती नव्हे हो, आठवणी म्हणजे फक्त ती नाही याची पावती.

खाल्ल्यावर रिकामी पाठवणार होतो. शपथेवर सांगतो, पाण्यापर्यंत रिकामीच नेली. पण तिथे उभं राहिल्यावर वाटलं, एवढं रांधून पाठवलं तिनं, आणि तिच्या हातात रिकामी वाटी जाणार, तिचा चेहरा कसा होईल. प्रवासाला निघताना खिशात ठेवलेल्या देवापुढच्या अक्षता होत्या. त्या घातल्या.

१४ मे

लग्न गेलं.

मांडव आहे. भटजी आहेत. मंगलाष्टकं ऐकू येतात. अंतरपाट खाली येतो आणि पलीकडे कोणी नाही.

१७ मे

पुन्हा आली, भरली वांगी. खाल्ली नाही! पाण्यात ओतून दिली, वाटी उपडी ठेवली आणि मागे न बघता आलो. केराबाईंनी दृष्ट काढली. आबासाहेबांनी चिलापी आणून दिली, म्हणाले गुरुजी खात न्हाईत ते ठावं हाय, पर आजच्या दिस वास तरी घ्या. हसलो. किती दिवसांनी.

१९ मे

आली. सरळ, भरलेली. आत फक्त पाणी होतं. कोमट. बोट लावून चाखलं.

खारट.

धरणाचं पाणी गोडं असतं. मी भूगोल शिकवलाय.

रडवली मी तिला. मेल्यावरही रडवली. मूठभर शेंगदाणे घातले आणि धावत गेलो, या वयात, उन्हात, अनवाणी. माफ कर म्हणालो. तिचं हसणं कसं होतं ते आज सकाळपर्यंत ठाऊक होतं.

२५ मे

भार्गवी म्हणते डॉक्टरांना दाखवू, सोलापुरात चांगले आहेत. विसरण्याचा आजार असतो, बाबा, तुमचा दोष नाही. असेल बाई. पण आजार उंबऱ्यावर ओली वाटी ठेवून जात नाही.

भिंतीवर कागद चिकटवला. 'रुक्मिणी. माझी बायको. चव्वेचाळीस वर्षं. मी तिला वेळेवर इथे आणलं नाही.' खाली तिचा फोटो. केराबाई रोज संध्याकाळी येऊन मला रुक्मीच्या गोष्टी सांगतात, सागरगोट्यांच्या, चिंचेवरून पडल्याच्या. मी मन लावून ऐकतो. चांगली होती ती मुलगी. पण ते ऐकीव. दुसऱ्याच्या बायकोबद्दल ऐकावं तसं.

३० मे

आबासाहेब सांगून गेले, वरच्या अंगाला पाऊस झालाय, पाणी सोडलंय, फुगवटा चढतोय. आठ-दहा दिवसांत जुन्या गावाचे उंबरे बुडतील. मग वाटी येणार नाही. केराबाईंनी माझे हात धरले. आठ दिस कळ काढा, म्हणाल्या. रुक्मीसाठी काढा. तुमच्यात जेवढी उरली तेवढी तरी ऱ्हाऊ द्या.

काढीन. आठ दिवस काय मोठे? पक्षी चाललेत. रोहित गेले. सुरयांच्या बेटांवर पाणी.

२ जून

नाही खाल्लं. रोज येते. मी नाही

४ जून

खाल्लं. दडपे पोहे. कोणाच्या हातचे ते

काय घातलं वाटीत? आठवत नाही. खोलीत तांदूळ सांडलेत. पाण्याकडे जाताना मी — कुणीतरी मला सारखं आतून ओरडत होतं, नको, नको. ते ओरडणारं आता गप्प आहे.

फोटोतल्या बाईंचे डोळे चांगले आहेत.

६ जून

भिंतीवर कागद. अक्षर माझं. 'माझी बायको' — बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचतो. का वाचतो? कोण गेलं माझं? माझ्या आत कुणाच्या तरी आकाराचं एवढं मोठं भोक आहे आणि मी त्याच्या कडेकडेनं फिरतोय, आणि मला भीती वाटते, मला फार भीती —

आज वाटी रिकामी आली. काहीच नाही आत. पाणीसुद्धा नाही.

८ जून

भार्गवी उद्या येतेय. लेक माझी. एवढं आहे. फोनवर रडत होती. आईच्या फोटोकडे बघा हो बाबा, म्हणाली, नुसतं बघत राहा मी येईपर्यंत.

बघतोय. केराबाईंना विचारलं, भार्गवीची आई कुठे असते? त्या पदर तोंडात धरून निघून गेल्या. आबासाहेब म्हणाले, जुनं गाव सगळं, कळसासकट, पाण्याखाली गेलं काल. एवढं झटपट कधी चढलं नव्हतं.

९ जून, दुपार

आज शांत वाटतंय. ऊनही नाही. गावात आवाज नाही, केराबाईंना दोन हाका मारल्या, ओ आली नाही.

दारात एक बाई उभ्या आहेत. माझ्याच वयाच्या. लुगडं ओलंचिंब, पायाखाली पाणी साचलंय, नाही, पाणीच पायरीपर्यंत आलंय. या माळावर पाणी येत नाही म्हणत होते ना?

कोण पाहिजे, विचारलं. त्यांना नीट सांगता येईना. म्हणाल्या, या घरातून त्यांच्याकडे वाटी यायची. साखर, गूळ, अक्षता. भरल्या वाटीला रिकामी कशी परत करायची, म्हणून त्याही काही ना काही करून पाठवत राहिल्या. प्रत्येक वेळी पाठवलं की आतलं काहीतरी कमी व्हायचं. पण शेजारधर्म. एकदा समोरून रिकामी आली तेव्हा बरं वाटायला हवं होतं, पण फार रडू आलं म्हणाल्या, का ते कळलं नाही. आता त्यांच्याकडे काहीच उरलेलं नाही. कोणासाठी रांधत होते तेच आठवत नाही, हात आपले करत राहतात. म्हणून पत्ता काढत आले, म्हणाल्या. विचारायला, की तुम्ही माझे कोण?

मी म्हटलं, बाई, मीही तेच —

दोघंही रडतोय. ओळख ना पाळख. हसूही येतंय थोडं. मी म्हटलं बसा. उंबऱ्यावर बसल्या. वही बघून म्हणाल्या, केवढं लिहिता. पाणी आत आलंय, खाटेचे पाय बुडाले, फार गार आहे, पण त्यांच्यापुढे पाय वर घेणं बरं दिसत नाही.

लांबून गाडीचा हॉर्न. कुणी येणार होतं का आज —

त्या विचारतायत, तुम्ही जेवलात का. मी म्हटलं, नाही. असं कुणी विचारून किती — त्या उठल्यात. म्हणतात, मग चला, घर जवळच आहे, मी वाढते, तुम्ही नुसते